रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा: तो सोडवायचा कसा आणि येऊ नये म्हणून काय करायचं

हे वाचताना आत्ताच पोटरीत गोळा आलेला असेल, तर आधी एवढं करा. गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटं नडगीच्या दिशेने, म्हणजे स्वतःकडे ओढा. तसंच धरून ठेवा. स्नायू सैल पडेपर्यंत सोडू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

कुणी याला गोळा म्हणतं, कुणी वांब, कुणी पेटका. गाढ झोपेत असताना अचानक पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल आपोआप खाली ताणलं जातं आणि माणूस कळवळून उठतो. कधी काही सेकंदांत सुटतं, कधी काही मिनिटं लागतात. नंतर मात्र दुसऱ्या दिवशीही पोटरी ठणकत राहू शकते. पन्नाशीनंतर हा त्रास वाढतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर तो फारच दिसतो.

फिजिओथेरपीच्या कामात मला एक गोष्ट सतत दिसते. गुडघा किंवा कंबर दाखवायला आलेली माणसं निघता निघता दारात थांबून म्हणतात, "आणि हो, रात्री पायात गोळे येतात." तोवर त्यांनी केळी खाऊन पाहिलेली असतात, मेडिकलमधून कॅल्शियमच्या नाहीतर मॅग्नेशियमच्या गोळ्या आणलेल्या असतात, तेल चोळलेलं असतं. स्नायूला ताण देणं, तोही नीट आणि रोज, हे मात्र बहुतेकांनी केलेलं नसतं. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मी त्यालाच देणार आहे.

गोळा रात्रीच का येतो

आपण उताणे झोपतो तेव्हा पाऊल आपल्या वजनाने पुढे झुकतं. वर जाड रजई किंवा गोधडी असेल तर ती बोटांना आणखी खाली दाबते. पालथं झोपणाऱ्यांचं पाऊल तर पूर्ण ताठ होऊन गादीला टेकतं. या सगळ्या स्थितींत पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. अशा आखूड स्नायूला मज्जातंतूकडून एखादा चुकार संदेश आला की तो आवळतो, आणि त्याला पुन्हा लांब करणारं काहीच नसल्यामुळे आवळलेलाच राहतो.

उतारवयात स्नायूंना संदेश देणारे मज्जातंतू हळूहळू कमी होत जातात, आणि उरलेले जास्त चंचल होतात असं मानलं जातं. रात्री गोळे येणाऱ्या बहुतेकांच्या रक्तातलं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं तर ते ठीकच निघतं. हे लोकांना पटवणं फार अवघड जातं, पण पटलं की पुढचे उपाय सोपे होतात.

पाऊल ओढल्यावर गोळा सुटतो यामागेही हेच आहे. टाचेच्या वर जी जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) हाताला लागते, तिच्यात ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. ती ताणली गेली की संवेदक मणक्यातल्या मज्जारज्जूला कळवतात आणि तिथून स्नायूला आवळण्याचा हुकूम मंदावतो. नुसतं दाबून किंवा चोळून हे तितक्या लवकर होत नाही.

गोळा आला की

एकटे असाल तर उशाशी एक पंचा ठेवायची सवय लावा. जुनी सुती ओढणी किंवा लांब टॉवेलही चालेल. गोळा आला की वाकून पाऊल पकडायची धडपड करू नका. कंबर आखडलेल्या माणसाला ते जमत नाही आणि तेवढ्यात मांडीतही गोळा यायचा. उठून बसा, पाय समोर सरळ करा, पंचा चवड्याखाली, म्हणजे बोटांच्या मुळाशी जो मांसल भाग असतो तिथे अडकवा आणि दोन्ही टोकं हातात घेऊन सावकाश स्वतःकडे खेचा. पंचा पायाच्या मध्यभागी, खोलगट जागी अडकवला तर पाऊल वळत नाही, नुसताच जोर वाया जातो. झटका द्यायचा नाही. हळूहळू ताण वाढवायचा आणि दुखणं उतरायला लागलं तरी आणखी अर्धा-एक मिनिट धरायचं. लवकर सोडलं की गोळा परत येतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

शेजारी कुणी असेल तर त्याला आधीच, दिवसा उजेडी शिकवून ठेवा. मदत करणाऱ्याने एका तळहातात टाच घ्यायची आणि त्याच हाताचा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तळपायाला टेकवायचा. दुसरा हात गुडघ्याच्या जरा वर ठेवायचा, म्हणजे गुडघा वाकणार नाही. मग हाताच्या जोराने ढकलण्याऐवजी आपलं अंग पुढे झुकवायचं. पाऊल आपोआप वर वळतं आणि ताण एकसारखा बसतो. बोटांना धरून ओढायला गेलं तर बोटंच दुखावतात. गोळा घट्ट असताना अंगठ्याने खोल दाबणंही टाळा, त्याने दुसऱ्या दिवशीची ठणक वाढते.

पुष्कळ जण गोळा आला की ताडकन उठून उभे राहतात. तरुण माणसाने टाच जमिनीला टेकवून उभं राहणं हा चांगलाच उपाय आहे, पण साठीच्या पुढच्यांनी अंधारात तसं करू नये. झोपेतून उठल्यावर रक्तदाब उतरलेला असतो, एक पाय वाकडा झालेला असतो, आणि फरशीवर पडून खुब्याचं हाड मोडणं हे गोळ्यापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे. आधी बसूनच सोडवा. दिवा लावा. मग पलंगाला धरून उभे राहा आणि टाच टेकवत चार पावलं चाला.

गोळा तळपायात आला असेल तर बोटं हाताने नडगीकडे वळवा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने टाचेपासून चवड्यापर्यंत तळवा सावकाश दाबत न्या. मांडीच्या मागे आला तर गुडघा सरळ करा. मांडीच्या पुढे आला तर उलट, गुडघा वाकवून टाच नितंबाकडे आणा. नियम एकच: आवळलेला स्नायू ज्या दिशेने लांब होईल त्या दिशेने सांधा न्यायचा.

सुटल्यावर हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने पाच-दहा मिनिटं शेका. इथे मधुमेहींसाठी एक गंभीर सूचना. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पिशवी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, कातडी भाजून जखम होते आणि ती भरता भरत नाही. पिशवीवर जाड कापड गुंडाळा आणि तापमान घरातल्या दुसऱ्या माणसाला हाताने पाहू द्या. शंका असेल तर शेकूच नका.

झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं

नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पोटरीला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ६ आठवडे रोज ताण देणाऱ्यांचे गोळे कमी झाले आणि जे आले ते सौम्य होते. खरं तेही सांगितलं पाहिजे: इंग्लंडमधल्या २००५ च्या अभ्यासात फरक दिसला नव्हता. पण तिथले लोक ताण दिवसातून तीनदा देत होते, खास झोपण्याआधी नव्हे. माझं मत स्पष्ट आहे. याला पैसे पडत नाहीत, नीट केलं तर अपाय नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना याने रात्रीची झोप परत मिळाली आहे. सहा आठवडे मनापासून करा आणि मग ठरवा.

पहिला ताण भिंतीशी. भिंतीकडे तोंड करून दोन-तीन फुटांवर उभे राहा, दोन्ही तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा. एक पाय मागे घ्या. मागचा गुडघा सरळ, टाच फरशीला पक्की चिकटलेली. आता पुढचा गुडघा वाकवत कंबर भिंतीकडे न्या. मागच्या पोटरीच्या फुगीर भागात ओढ जाणवली पाहिजे. ओढ हवी, वेदना नको. पाच-सहा सावकाश श्वास होईपर्यंत थांबा, सोडा, पुन्हा करा. प्रत्येक पायाला तीन वेळा.

यात बहुतेकांचं एकच चुकतं, ते नीट बघा. मागच्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला वळतात. वळली की ताण पोटरीतून निसटतो आणि माणूस रोज इमानेइतबारे व्यायाम करूनही काही मिळवत नाही. बोटं सरळ भिंतीकडे हवीत, किंचित आत वळली तरी चालतील. फरशीवरच्या रेघेवर टाच आणि दुसरं बोट ठेवून पाहा, लगेच कळेल.

दुसरा ताण तिथेच. पाय तसाच मागे, पण आता मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच न उचलता. ओढ खाली, टाचेच्या शिरेजवळ जाणवेल. पोटरीत वरच्या स्नायूखाली आणखी एक स्नायू असतो, तो गुडघा सरळ ठेवून पुरेसा ताणला जात नाही. हा भाग लोक गाळतात, म्हणून वेगळा सांगितला.

तिसरा बसून. पलंगाच्या कडेला बसा, एक पाय पलंगावर लांब करा, दुसरा जमिनीवर. पाठ सरळ ठेवून कंबरेतून पुढे झुका. पाठीचा बाक काढून बोटांना हात लावायची गरज नाही, मांडीच्या मागे ओढ आली की पुरे. कंबरेतून पायात कळ जाणाऱ्यांनी हा प्रकार विचारल्याशिवाय करू नये.

साडी किंवा लुंगी असेल तर वर खोचून घ्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभं राहू नका. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी गादीवर बसून मघाचाच पंचा वापरावा, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातल्यांनी वर सांगितलेल्या रीतीने टाच धरून ताण द्यावा.

मग झोपताना पांघरूण पायाशी गादीखाली खोचू नका, सैल ठेवा. उताणे झोपणाऱ्यांनी पायाशी एक घट्ट उशी उभी ठेवावी, तळवे तिला टेकले की पाऊल झुकत नाही. पालथे झोपणाऱ्यांनी पावलं गादीच्या कडेबाहेर सोडावीत. काशाच्या वाटीने तळवे घासायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. तिने गोळे थांबतात असा पुरावा नाही, पण थकलेल्या पायांना आराम पडतो आणि झोप बरी लागते, तेव्हा आवडत असेल तर जरूर करा.

दिवसभरात

सकाळपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बायका, दुकानातली मुलं, वाहतूक पोलीस, शिक्षक, यांच्या पोटऱ्या संध्याकाळपर्यंत थकलेल्या असतात. तासाभराने दोन मिनिटं बसणं, टाचा वर-खाली करणं आणि घरात कडक फरशीवर अनवाणी न राहता मऊ तळाची चप्पल घालणं एवढ्याने फरक पडतो. उलट दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची पोटरी न वापरता आखडते. त्यांना रोजचं चालणं हवं. अचानक जास्त चाललात, गड चढून आलात किंवा वारीत एखादा टप्पा केलात, तर त्या रात्री ताण चुकवू नका.

१९८० च्या दशकात एक विचार मांडला गेला होता की उकिडवं बसणं सुटल्यामुळे पोटरी पूर्ण ताणली जायची राहिली आणि त्यामुळे गोळे वाढले. तो सिद्ध झालेला नाही. तरी टाचा टेकवून उकिडवं बसलं की पोटरीला उत्तम ताण मिळतो, हे करून पाहणाऱ्याला लगेच जाणवतं. गुडघे चांगले असतील त्यांनी ही सवय मोडू देऊ नये.

उन्हात घाम गाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, चैत्र-वैशाखातली शेतीची कामं, यांत घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि नुसतं पाणी पिऊन भागत नाही. अशा वेळी ओआरएसचं पाकीट वापरा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मिठाचं माप वाढवू नका.

केळी, गोळ्या आणि लोणच्याचा खार

केळ्यात पोटॅशियम असतं हे खरं, पण पोटॅशियम कमी झालेलंच नसेल तर केळ्याने गोळा थांबण्याचं कारण नाही. आवडीने खा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पेटक्यांवर उपाय म्हणून केळी आणि नारळपाणी सुरू करू नये, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. उपलब्ध चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये घेतलेल्या आढाव्यात वयस्क लोकांना त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. इस्रायलमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही मॅग्नेशियम आणि खोटी गोळी यांत फरक निघाला नाही. जुलाब मात्र होऊ शकतात. बी-कॉम्प्लेक्सचा काहींना उपयोग होऊ शकतो, असं अमेरिकेतल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये म्हटलं, पुरावा मात्र थोडाच आहे. चीनमध्ये ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत के-२ जीवनसत्त्वाने गोळे कमी झाल्याचं दिसलं. हे आशादायक आहे, पण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी त्याला हात लावू नये, औषधाचा परिणामच पुसला जातो.

कोयनेलबद्दल ठाम सांगते. हिवतापावरचं हे जुनं औषध गोळे कमी करतं, पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक कमी होऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी पेटक्यांसाठी ते वापरू नका असा इशारा २०१० मध्ये पुन्हा दिला. कुणी सुचवलं तरी मनाने घेऊ नका.

लोणच्याच्या खाराचं कुतूहल खरंच रास्त आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम आणलेला गोळा काकडीच्या खारवलेल्या पाण्याने लवकर सुटला, तोही पोटातून मीठ रक्तात पोचण्याच्या आधीच. म्हणजे परिणाम मिठाचा नसून आंबट चवीमुळे घशातून उमटणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचा असावा. ते पाणी म्हणजे व्हिनेगरचा खार, आपलं तेलकट लोणचं नव्हे. एखादा घोट घेऊन पाहायला हरकत नाही, पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एवढं मीठही नको.

चालू औषधांची पिशवी उघडा

गोळे नुकतेच सुरू झाले असतील तर त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणतं औषध नवं सुरू झालं ते आठवा. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्याचे दीर्घकाळ काम करणारे पंप यांचा पेटक्यांशी संबंध कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसला. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचा संबंध त्याहून कमी होता. स्वतःहून एकही औषध बंद करू नका. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर सोडियम-पोटॅशियमची तपासणी करावी का, हे विचारा.

गरोदर बाईने कुठलीही पूरक गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मॅग्नेशियमचे निकाल तिथे उलटसुलट आहेत. ताण, डाव्या कुशीवर झोपणं आणि पुरेसं पाणी इथून सुरुवात करावी. भिंतीशी ताण देताना कुणीतरी जवळ असू द्या, पोट पुढे आल्यावर तोल जातो.

गोळा नसून दुसरंच काही

पोटरी हाताला घट्ट लागत नाही, पण पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, आत काहीतरी वळवळतं असं वाटतं आणि उठून चाललं की बरं वाटतं, तर तो गोळा नव्हे. ही अस्वस्थ पायांची व्याधी असते आणि तिच्यामागे बऱ्याचदा शरीरातलं लोह कमी झालेलं असतं. फेरिटिनची तपासणी सांगतात ती त्यासाठी. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, तर रक्तवाहिन्या तपासायला हव्यात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. थांबून नाही, पण पुढे वाकून किंवा बसूनच बरं वाटत असेल तर कंबरेच्या मणक्याकडे बघावं लागतं.

एकाच पायाला सूज, ऊब आणि लाली आली असेल, पोटरी दाबल्यावर दुखत असेल, आणि त्यातून नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झाला असेल, तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. अशा पोटरीला ताण देऊ नका, चोळूही नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

याखेरीज गोळे रोजच येत असतील, हातातही येत असतील, पाय बधिर किंवा अशक्त वाटत असतील, स्नायू वाळत असतील, लघवी गडद तपकिरी होत असेल, किंवा यकृताचा, मूत्रपिंडाचा, थायरॉईडचा आजार असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. जाण्याआधी पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा: गोळा कोणत्या पायात, किती वाजता, किती वेळ टिकला, त्या दिवशी काय काम केलं, झोपण्यापूर्वी ताण दिला होता की नाही. मधुमेह असेल तर साखरेचे आकडेही शेजारी लिहा.